साध्या पाण्यातले मृत्यू

मंगळवार, १ ऑक्टोबर. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. लॅबमधल्या माझ्या कपाटात, जुन्या रिपोर्टांच्या मागे ठेवणार. किल्ली एकच, माझ्या खिशात. (दुसरी मावशींकडे असते, झाडलोटीसाठी. त्यांना वाचता येतं का, हे बघायला हवं.)

लिहायचं कारण असं की साहेब जानेवारीत रिटायर होतायत. लॅबप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार. इथे तेवीस वर्षं काढलेला माणूस एकच आहे. कोण ते लिहायची गरज नाही.

कामही नेमकं तसंच आलंय. एका रंग कंपनीची पांढरी पावडर. जस्ताचं संयुग. ती नदीनाल्यात गेली तर पाण्यातल्या जिवांचं काय होईल, हे आपण सांगायचं. निकाल वाईट आला तर कंपनीला प्रत्येक पोत्यावर मेलेल्या माशाचं चित्र छापावं लागेल. म्हणजे कंपनी आपल्यावर डोळा ठेवून असणार. मी कंपनीवर ठेवीन.

दुपारी १२.१५

टेस्ट लावली. पाणपिसवा वापरल्या. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पाण्यात उड्या मारत पोहतो. सहा रांगा, रांगेत चार बीकर, बीकरमध्ये पाच पिसवा. पाच रांगांत पावडर चढत्या प्रमाणात. सहावी रांग कंट्रोलची, तिच्यात नुसतं स्वच्छ पाणी. अठ्ठेचाळीस तासांनी मोजायचं, किती हलतात.

पाणी वीस डिग्रीला आहे का, हे प्रत्येक बीकरमध्ये बोट बुडवून पाहिलं. थर्मामीटरवर माझा विश्वास नाही. तो साहेबांच्या काळात खरेदी झालाय.

नवी बघत होती. (नवी म्हणजे मे महिन्यात आलेली ज्युनियर. अजून प्रोबेशनवर आहे.) म्हणाली, सर, ग्लोव्हज देऊ का? मी म्हटलं, ग्लोव्हज नवशिक्यांसाठी असतात. त्यावर ती हो सर म्हणाली. एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं.

खरं कारण तिला सांगितलं नाही. तीन आठवडे दोन्ही हातांना पुरळ आहे. रबर लागलं की आग होते. मेहुण्याने त्याच्या औषधाच्या दुकानातून एक पांढरं मलम दिलंय, त्याने बरं वाटतं. दिवसातून पाच-सहा वेळा लावतो. पुरळ कधी सुरू झालं? नवीने बेसिनवर नवा साबण आणून ठेवला, त्याच आठवड्यात. नोंद करून ठेवतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

कंट्रोलमध्ये सात मेल्या.

नुसत्या पाण्यात! विसातल्या दोनपर्यंत चालतात. त्यापुढे गेलं की सगळी टेस्ट रद्द. दोनदा मोजल्या. मग नवीला मोजायला लावलं आणि तिच्यामागे उभं राहून मी मनात पुन्हा मोजल्या. सातच.

साहेब म्हणाले, होतं असं कधी कधी, पुन्हा लावा. एवढे शांत कसे? जाणारा माणूस आहे, त्यांना काय!

माझ्या तेवीस वर्षांत कंट्रोल असा कधी गेला नाही. नवी येऊन पाच महिने झाले. मी काही म्हणत नाही. फक्त दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहिली.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

मेहुणा घरी आला होता. मलमाची मोठी ट्यूब घेऊन. स्वतःहून. हा माणूस लग्नात आहेर म्हणून वापरलेली सुटकेस देणारा, आज मोठी ट्यूब आणतो? मुदत संपलेली असणार, म्हणून त्याच्यासमोरच तारीख तपासली. दोन वर्षं बाकी आहेत. बाकीचा मजकूर मुंगीच्या पायासारखा बारीक, तो काही वाचला नाही. तारीख महत्त्वाची.

मेहुणा म्हणाला, दाजी, यात केमिकल वगैरे काही नाही, एकदम साधं, लहान बाळांनाही लावतात. म्हटलं, ठीक आहे.

हिने विचारलं, लॅबमध्ये काय झालंय, तोंड का उतरलंय? हिला कंट्रोल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे साध्या पाण्यात मेल्या? मग पाण्यात काहीतरी पडलं असेल. मी हसलो. हिला वाटतं लॅब म्हणजे स्वयंपाकघर आहे.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

टेस्ट दुसऱ्यांदा लावली. या वेळी नवीला पिसवांच्या खोलीत येऊ दिलं नाही. सगळं स्वतःच्या हाताने. बीकरही स्वतःच विसळले, आतून बोटं फिरवून. काचेवर काही चिकटलेलं राहिलं असेल तर बोटाला कळतं. मावशींनी धुतलेल्या काचेवर यापुढे भरवसा नाही.

मावशी दुखावल्या. म्हणाल्या, बारा वर्षं धुतेय, आजवर कुणी बोट फिरवून पाहिलं नाही. मी म्हटलं, तीच तर चूक झाली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नऊ.

नवी आत आली नव्हती, तरीही नऊ. म्हणजे ती माझ्या नकळत आत येते.

आता सगळं जुळलं. टेस्ट रद्द होण्यात फायदा कुणाचा? कंपनीचा. टेस्ट होत नाही तोवर पोत्यावर चित्र नाही. पावडर विकत राहायची, पाण्यात जात राहायची. त्यासाठी आतला माणूस हवा. आतला माणूस कोण? जो मे महिन्यात येतो, हो सर म्हणतो, आणि बीकर ठेवायच्या इनक्युबेटरसमोर उभं राहून गुणगुणतो. हो, नवी गुणगुणते. सूर कधी एकच नसतो. हे संकेत असू शकतात.

एक प्रश्न उरतो. संकेत कुणाला? पिसवांना कान नसतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर

संकल्प: ठोस पुरावा गोळा करायचा. माणूस रंगेहाथ पकडायचा.

अर्धा दिवस होता. सगळे गेल्यावर इनक्युबेटरच्या दाराला आडवा एक केस चिकटवला. स्वतःचा. (आता उरलेत त्यातला एक देणं हा त्याग आहे.) दार कुणी उघडलं की केस तुटणार.

सोमवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ८.५०

केस तुटलेला!

सकाळी ११.००

नीट आठवलं. शनिवारी निघण्याआधी केस बरोबर बसलाय का हे पाहायला दार मीच एकदा उघडलं होतं. तरीही मी उघडण्याआधी तो कुणीतरी तोडलेला नव्हताच, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

दाढ ठणकतेय. उद्यापासून तीन दिवस रजा. माझ्यामागे काय काय होणार, देव जाणे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

रजेत नवीने साहेबांची परवानगी घेऊन नुसत्या पाण्याची चाचणी लावली होती. वीस बीकर, शंभर पिसवा. एकही मेली नाही.

साहेबांनी मला हे हसत सांगितलं. नवी खाली बघत होती. साळसूदपणाचा कळस. आपल्याच चाचणीत कोण घोळ घालील? शंभरच्या शंभर जिवंत ठेवल्या, याचा अर्थ मारायच्या कशा हे तिला पक्कं ठाऊक आहे.

दुपारी ती जेवायला गेल्यावर तिची निळी वही पाहिली. टेबलावर होती. मी उघडली नाही, वाऱ्याने उघडली, मी पंखा थोडा वाढवला होता. आत तक्ता. तारीख, पिसवांना कोणी हाताळलं, कंट्रोलमध्ये किती मेल्या. माझ्या नावापुढे सात, नऊ. तिच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. खाली पेन्सिलीने लिहिलंय: ‘हात? साबण? सरांना कसं विचारू?’

माझ्यावर पाळत! सहकाऱ्यावर चोरून नजर ठेवायची, त्याच्या हालचाली वहीत टिपून ठेवायच्या, ही कुठली संस्कृती? संताप इतका आला की हे लिहिताना पेन दोनदा अडकलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मास्टरस्ट्रोक. वीस पिसवा घरी आणल्या. लॅबचंच पाणी, लॅबच्याच पिसवा, पण शत्रू नाही. जगल्या तर सिद्ध झालं.

काचेच्या बरणीत होत्या. बरणी मावशींनी भरून दिली, कारण मी तेव्हा नवी कुठे आहे ते बघत होतो. घरी आल्यावर हिने माझ्या हातून बरणी काढून घेतली. म्हणाली, त्या चिकट हातांनी माझ्या ओट्यावर काही ठेवायचं नाही, कालच फ्रिजच्या दारावर पाच पांढरी बोटं उमटली होती. बरणी तिनेच खिडकीत ठेवली. ठीक आहे. पुराव्याला मी हात न लावणंच शास्त्रीय.

सोमवार, २१ ऑक्टोबर. सकाळी ७.३०

वीसच्या वीस जिवंत!!

हीही वाकून बघत होती. म्हणाली, किती मजेत उड्या मारतायत, इथे बऱ्या राहिल्या बाई. मी म्हटलं, कारण इथे त्यांचा जीव घ्यायला कुणी टपलेलं नाही. ही म्हणाली, अहो, कोण कशाला पिसवांचा जीव घेईल? भोळी आहे.

अजून पक्कं करायचं. शास्त्रात एकदा म्हणजे कधीच नाही. ताजं पाणी आणलंय. आज मी स्वतः त्यांना दुसऱ्या बरणीत हलवणार, बोटाने तापमान पाहून, अगदी लॅबसारखं. हिला आज बरणीला हात लावायची बंदी.

बुधवार, २३ ऑक्टोबर

सतरा मेल्या.

माझ्या घरात! माझ्या खिडकीत!

घरात आम्ही दोघंच. मी मारल्या नाहीत. मग उरलं कोण?

शांतपणे विचारलं. नवीशी तुझी ओळख आहे का? फोनवर कधी बोलणं झालं का? रंग कंपनीतलं कुणी माहेरच्या ओळखीतलं? ही आधी हसली, मग माझं तोंड पाहून हसायची थांबली. पोळ्या अर्धवट टाकून आत निघून गेली. 

चिडणं ही नेहमी कबुली असते असं नाही. पण नोंद केली.

गुरुवार, २४ ऑक्टोबर. सकाळी

ही कालपासून बोलत नव्हती. आज डबा हातात देताना एवढंच म्हणाली, आधी तुम्ही हात लावला नव्हता तेव्हा जगल्या. मग तुम्ही हात लावलात तेव्हा मेल्या. एवढाच फरक आहे, बाकी तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे संशय माझ्यावर! सत्तावीस वर्षांच्या संसारानंतर! मलम लावलं आणि निघालो.

संध्याकाळी ५.१०

मोठी बातमी. नवीने कंट्रोलचं जपून ठेवलेलं पाणी खालच्या मजल्यावर धातू तपासणाऱ्याकडे दिलं होतं. त्याच्या यंत्रात आज निकाल आला. नुसत्या पाण्यात जस्त सापडलं! पिसवा मारायला पुरेसं.

मी गेले तीन आठवडे काय ओरडतोय? (मनात.) कंट्रोलमध्ये जस्त आपोआप येत नाही. कुणीतरी घालतंय. आणि हुशारी बघा, शोध स्वतःच लावायचा म्हणजे आपल्यावर कुणी शंका घेत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

लेखी तक्रार दिली. तीन पानं, सात मुद्दे. पहिला साबणाचा. तिसरा निळ्या वहीचा. पाचवा गुणगुणण्याचा. सातवा कंपनीशी संगनमताचा, त्यापुढे ‘पुरावा यथावकाश’.

साहेबांनी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, गुरुवारी, एकतीस तारखेला तिचं प्रोबेशन संपतंय. असली तक्रार फाइलला असताना मी तिला कायम करू शकत नाही. नोकरी जाईल तिची. तुम्हाला खात्री आहे ना?

मी म्हटलं, शंभर टक्के. आणि उपायही सुचवला. सगळ्यांचे हात शुद्ध पाण्यात धुवून घ्या, ते पाणी तपासा. जो जस्त हाताळतो त्याच्या हातावर ते सापडणारच. साहेब म्हणाले, सगळ्यांचे? मी म्हटलं, सगळ्यांचे. अगदी माझेसुद्धा. मोठेपणा दाखवायला जातं काय?

बाहेर आलो तर मावशी जिन्यात नवीशी बोलत होत्या. नवीने गेल्याच महिन्यात आईला गावाहून आणून आपल्यापाशी ठेवलंय, असं कानावर आलं. एका खोलीत दोघी राहतात. हे ऐकून क्षणभर तिथेच थांबलो. आवळ्याची सुपारी खाल्ली, पुढे गेलो.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

हात धुण्याचा कार्यक्रम झाला. साहेब, नवी, मावशी, मी. प्रत्येकाला अर्धा लिटर शुद्ध पाणी, एक मिनिट. धातूवाल्याने बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. मी चारही चिठ्ठ्यांवर सही केली, अदलाबदल होऊ नये म्हणून.

नवीचे हात धुताना मी जवळून पाहिलं. अजिबात घाबरली नव्हती. सराईत आहे.

निकाल उद्या. आज रात्री शांत झोप लागणार. हिला म्हटलं, उद्या दूध का दूध होईल. ही म्हणाली, चांगलं.

बुधवार, ३० ऑक्टोबर. दुपारी १२.३०

धातूवाला कागद घेऊन आला. साहेबांच्या केबिनमध्ये सगळे. त्याने वाचलं. साहेब, शून्य. नवी, शून्य. मावशी, नावापुरतं, बहुतेक जस्ती बादलीचं.

मग थांबला. मी म्हटलं, आणि माझं? तो म्हणाला, तुमचं पहिल्यांदा यंत्रात मावलंच नाही. शंभरपट पातळ करून मोजावं लागलं.

मी म्हटलं, बाटली बदलली. तो म्हणाला, सही तुमचीच आहे. मी म्हटलं, सही बदलली. साहेब म्हणाले, इथेच पुन्हा धुवा.

सगळ्यांसमोर धुतले. काचेच्या भांड्यात. तपासायची गरज पडली नाही. पाणी पांढरं झालं. मावशी म्हणाल्या, अगंबाई, हे तर दूध!

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नवीने हळूच विचारलं, सर, हाताला काही लावता का? मी अभिमानाने खिशातून ट्यूब काढली. म्हटलं, यात केमिकल नाही, लहान बाळांना लावतात. तिने ती फिरवून बघितली आणि तो बारीक मजकूर माझ्यासमोर धरला. माझा वाचायचा चष्मा टेबलावर राहिला होता. मग तिनेच वाचलं. अगदी हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू जाईल असं. झिंक ऑक्साइड, वीस टक्के.

झिंक म्हणजे जस्त, हे तेवीस वर्षं जस्त तपासणाऱ्याला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी ४.४५

एक शक्यता तपासायला हवी. मेहुण्याला रंग कंपनीने

(वाक्य पुढे सुचलं नाही.)

रात्री ८.००

हिला सांगितलं. सगळं नाही, ट्यूबपर्यंत. वाटलं होतं, मी सांगितलं होतं, असं म्हणेल. ती म्हणाली, हात दाखवा. दिव्याखाली धरून बघितले. म्हणाली, जस्त नसलेलं मलम आणायला सांगते दादाला, हे पुरळ वाढलंय आणि तुम्ही कुणाला सांगत नाही.

मग मी म्हटलं, त्या दिवशी मी जे विचारलं ते. ती म्हणाली, जेवा आता.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. सकाळी १०.३०

साहेबांनी तक्रार परत दिली. म्हणाले, आजच मागे घ्या, दुपारपर्यंत तिच्या कागदावर सही करायची आहे. मागे घेतल्याची प्रत तिला द्यायची आणि पोचपावती आणायची. म्हणजे तक्रार होती हे तिला कळणार.

मी विचारलं, शिपायाकडून पाठवू का? साहेबांनी नुसतं पाहिलं.

दुपारी १.२०

गेलो. ती पिसवांना हिरवं शेवाळाचं पाणी घालत होती. तक्रार आणि ती मागे घेतल्याचा कागद, दोन्ही दिले. म्हटलं, सही हवी होती.

तिने दोन्ही कागद वाचले. तक्रार शेवटपर्यंत, सातही मुद्दे. मी इनक्युबेटरवरचा तापमानाचा आकडा वाचत उभा होतो. वीस पूर्णांक एक. वीस पूर्णांक शून्य. वीस पूर्णांक एक.

म्हणाली, मला माहीत होतं सर. तुम्ही शुक्रवारी झेरॉक्स काढून मूळ प्रत मशीनवरच विसरला होतात. मीच ती तुमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

म्हणजे शुक्रवारपासून तिला ठाऊक! आणि मंगळवारी माझ्या शेजारी उभी राहून हात धुतले. सोमवारी सकाळी नमस्कारही केला होता. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ती म्हणाली, काय बोलणार? तुम्ही सीनियर. हातांचं विचारायचं महिनाभर धाडस झालं नाही, तर हे कसं विचारू?

मी माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वाक्य तयार होतं. पण तोंडातून निघालं ते असं की, पाचवा मुद्दा मात्र खरा आहे, तुम्ही गुणगुणता.

ती म्हणाली, हो. आईला रात्री झोप लागत नाही, तिला गाणी म्हणून दाखवते, तीच दिवसभर तोंडात राहतात. बंद करू का?

म्हटलं, नको.

सही केली तिने. तारीख टाकायची राहिली होती, तीही टाकली.

संध्याकाळी ५.००

ती कायम झाली. मावशींनी सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, पण कपाच्या आतून आधी बोट फिरवून. माझ्याकडे बघत.

तिचा रिपोर्ट साहेबांकडे पाहिला. कारण: ‘हाताळणीतून पाण्यात उतरलेलं जस्त.’ कुणाचे हात, ते लिहिलेलं नाही. का लिहिलं नाही? यात काहीतरी डाव असला पाहिजे. तासभर विचार केला. एकही डाव सापडला नाही.

साहेबांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. त्यांच्या जागी बाहेरून माणूस येतोय. सप्टेंबरमध्येच ठरलं होतं. म्हणजे मी ही वही सुरू केली त्याच्याही आधी.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

टेस्ट तिसऱ्यांदा. फॉर्मवर विश्लेषक म्हणून नवीचं नाव, सहायक म्हणून माझं. साहेब मला या टेस्टवरून काढणार होते. तिने सांगितलं म्हणे, की नुकती जन्मलेली पिसू निरोगी आहे की आजारी, हे नुसत्या नजरेने सरांनाच कळतं, त्यांना राहू द्या. हे धातूवाल्याकडून कळलं. तो खोटं कशाला बोलेल, याचाही विचार केला.

रबराने आग होते म्हणून तिने आत घालायला पातळ सुती मोजे आणलेत, हातांचे. मापाचे आहेत. माप कधी घेतलं विचारलं, तर म्हणाली, गेल्या मंगळवारी हात धुताना बघितले होते.

मी तिच्या हातांत जस्त शोधत होतो तेव्हा.

दोन मोजे, वर ग्लोव्हज. पिसवा ड्रॉपरने उचलताना बोटं काठीसारखी झाली होती. बीकरपाशी सवयीने बोट पुढे गेलं. मागे घेतलं. थर्मामीटर लावला. वीस.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. दुपारी १२.४०

अठ्ठेचाळीस तास झाले. पावडरच्या रांगा आधी मोजल्या. वरच्या तीन रांगांत सगळ्या मेलेल्या, चौथीत बारा, पाचवीत तीन. पावडर वाईट आहे. पोत्यावर मेला मासा छापावा लागणार.

मग कंट्रोल. नवी म्हणाली, सर, हा तुम्ही मोजा, माझे डोळे दमलेत.

एक-एक बीकर उजेडापुढे धरला. हलकेच हलवला, पंधरा सेकंद थांबलो. पाच. पाच. पाच. शेवटच्या बीकरमध्ये एक तळाशी बसलेली दिसली. मग ती उडाली आणि बाकीच्यांत मिसळली. पाच.

म्हटलं, वीस.

ती वीस लिहून मोकळी झाली आणि पान उलटलं. मी बीकर हातात धरून उभाच होतो. तेवीस वर्षांत दुसऱ्याने मोजलेला आकडा मी कधी तसाच लिहिला नाही. म्हटलं, मोजून बघा एकदा. ती म्हणाली, तुम्ही मोजल्यात ना?

बीकर जागेवर ठेवला. तिने पुन्हा मोजल्या नाहीत.